आई कोणती, ते एकदा ठरवा

समाजशास्त्र घेऊन बी.ए. केलं, असं सांगितल्यावर समोरच्या माणसाचा चेहरा कसा होतो ते मला आता पाठ आहे. काहीजण "वा, समाजसेवा!" म्हणतात आणि वर्गणीच्या भीतीने लगेच विषय बदलतात. काहीजण हळूच विचारतात, "बाकी कुठं मिळालं नाही का?" पहिल्यांचा गैरसमज असतो. दुसऱ्यांचं, माझ्यापुरतं तरी, खरं आहे. मला अर्थशास्त्र हवं होतं. तिथली जागा भरली होती, समाजशास्त्राचे बाक रिकामे होते आणि खिडकीतला कारकून म्हणाला, "घेऊन टाक, सोपं असतं." इतक्या थाटात मी या शास्त्राच्या दारात पाऊल टाकलं.

आमचं घर मखमलाबादच्या बाजूला. वर्षभर मेथी-कोथिंबीर, दसऱ्या-दिवाळीला झेंडू. वडिलांना आम्ही सगळी मुलं 'भाऊ' म्हणायचो, कारण काका त्यांना भाऊ म्हणायचे आणि आम्ही तेच उचललं. मार्केटहून आल्यावर भाऊंनी विचारलं, "हे शास्त्र कशाचं?" मी म्हटलं, "माणसांचं." ते म्हणाले, "मग त्याला कॉलेज कशाला लागतं? चार दिवस भाजीच्या गाळ्यावर बस माझ्याबरोबर, सगळं शास्त्र कळंल." तेव्हा मला राग आला होता. पुढे नोकरीत असताना त्यांचं म्हणणं निम्मं बरोबर होतं असं मला वाटू लागलं. उरलेल्या निम्म्यासाठी हा लेख आहे.

कॉलेजात आम्हाला गांगुर्डे सर होते. बारीक अंगाचे, खादीचा शर्ट, आणि बोलायला अतिशय सावकाश. पहिल्याच तासाला त्यांनी व्याख्या-बिख्या काही सांगितली नाही. प्रत्येकाला उभं करून विचारलं, "घरी वडिलांना काय म्हणतोस? आईला काय म्हणतेस?" कोणी म्हणालं आण्णा, कोणी आप्पा, कोणी दादा. मी म्हटलं भाऊ. ओझरहून येणारी एक मुलगी आईला 'वहिनी' म्हणायची. सगळा वर्ग हसला, ती बिचारी लाल झाली. सर हसले नाहीत. फळ्याकडे वळून त्यांनी खडूने त्रिकोण आणि वर्तुळं काढायला सुरुवात केली. त्रिकोण म्हणजे पुरुष, वर्तुळ म्हणजे बाई, मधे दोन आडव्या रेघा म्हणजे लग्न. "हाक मारायचा शब्द एक असतो आणि नातं दुसरं असतं," ते म्हणाले. "या दोघांत अंतर का पडलं, एवढं विचारायला शिकलात तरी तीन वर्षांची फी वसूल." आम्ही ते वहीत लिहून घेतलं आणि परीक्षेत ते आलं नाही म्हणून विसरलो.

पुढे मी कामगार कल्याणाची पदविका केली आणि नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालेलं असताना सातपूरच्या एका कारखान्यात कल्याण अधिकारी म्हणून लागले. बाहेरच्या माणसाला हे पद काय ते कळत नाही, म्हणून सांगते. कारखाना मोठा असला की असा एक माणूस नेमावाच लागतो. कॅन्टीनची उसळ पातळ का, गमबूट वेळेवर का आले नाहीत, बायकांच्या स्वच्छतागृहाला कडी का नाही, कोणाचा नवरा पगाराच्या दिवशी गेटवर येऊन हिसकाहिसकी करतो, हे सगळं त्याच्या टेबलावर येतं. व्यवस्थापनाला वाटतं ही बाई कामगारांची. कामगारांना वाटतं साहेबांची. दोघंही नाराज असले की आपलं काम ठीक चाललंय असं समजायचं.

इंजिनिअर लोकांना माझ्या पदवीची फार मजा वाटे. "मॅडम, आमचं मशिन बिघडलं तर पुस्तक काढून बघता येतं. तुमची माणसं बिघडली तर?" असं एक साहेब दर आठवड्याला विचारायचे आणि दर आठवड्याला स्वतःच हसायचे.

मी रुजू झाले त्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास एका खात्यातली निम्मी माणसं आजारी पडली. सगळ्यांना ताप. सुपरवायझर म्हणाला, साथ आली आहे, औषध फवारून घ्या. मी आजाऱ्यांचे पत्ते पाहिले. सगळे दिंडोरीकडचे. म्हटलं, फवारणी इथं नको, ती तिकडे चालूच असेल. ऑक्टोबरची छाटणी आली की द्राक्षबागेतल्या घराला प्रत्येक हात लागतो, मग तो हात कारखान्यात लेथ चालवणारा का असेना. पुढच्या वर्षी आम्ही त्यांच्या हक्काच्या रजा छाटणीच्या हिशेबाने आगाऊच वाटून दिल्या आणि साथ आली नाही. याला शास्त्र म्हणायचं की मखमलाबादेत जन्मल्याचा फायदा, हे मला ठरवता आलेलं नाही.

एका गोष्टीत मात्र शास्त्र असूनही माझा हात तोकडा पडला. पिण्याच्या पाण्याच्या माठापाशी काही माणसं कधी फिरकत नाहीत, घरून बाटली आणतात, हे माझ्या लक्षात आलं. बाटलीवाले कोण, ते बघितल्यावर का, तेही कळलं. मी माठ काढून नळाचा कूलर बसवून घेतला. पाण्याचा प्रश्न मिटला. पण जेवणाच्या टेबलांवर कोण कोणाशेजारी बसतं ते मी निवृत्त होईपर्यंत बघत होते आणि त्यावर कोणता नळ बसवायचा ते मला सुचलं नाही. त्याची खंत आहे.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसले ते सांगते.

पुंजाराम हा आमचा लेथवरचा कारागीर. दिंडोरीच्या पुढे वणीच्या रस्त्याला त्याचं गाव. तिशी ओलांडलेला, अबोल, हाताचा साफ. त्याच्या हातचा जॉब, म्हणजे कातलेला भाग, मोजायला घेत नाहीत, असं त्याच्या खात्यात म्हणायचे. लग्न झालेलं, दोन मुली, सातपूर कॉलनीत खोली. आईवडील गावी. त्याच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि त्याने कंपनीच्या वैद्यकीय योजनेतून खर्च मिळावा म्हणून अर्ज केला. तो अर्ज गेला टाइम ऑफिसात हजेरी-रजा बघणाऱ्या खैरनारकडे.

खैरनार सटाण्याकडचा. आपण बोलतो ती शुद्ध मराठी असं त्याला वाटे, पण गडबडला की अहिराणी डोकं वर काढायची. माणूस वाईट नव्हता, पण त्याची स्मरणशक्ती भयंकर. त्याने अर्ज वाचला आणि ओरडला, "काय शे भो हे? याची आई तर दोन वर्षांपूर्वी वारली!"

खरंच होतं. दोन वर्षांपूर्वी पुंजारामने 'आई वारली' म्हणून दुखवट्याची रजा घेतली होती. अशी रजा फक्त आईवडील, बायको, मुलं यांच्यासाठी मिळते, आणि तिचा पगार कापत नाहीत. आता मेलेल्या आईचा मोतीबिंदू कोण काढेल? प्रकरण फॅक्टरी मॅनेजर चिटणीस साहेबांकडे गेलं. साहेब पुण्याचे, इंजिनिअर, शिस्तीचे आणि सरळ. त्यांना लबाडी खपत नसे. दोनपैकी एक कागद खोटा, आणि खोटा कागद देऊन कंपनीकडून फायदा घेणं म्हणजे बडतर्फी. पुंजारामच्या हातात आरोपपत्र पडलं आणि चौकशीसाठी बाहेरचे एक वकील नेमले गेले.

युनियनवाल्यांनी त्याला सोपी वाट सांगितली. लिहून दे की वारली ती चुलती होती, दुःखाच्या भरात आई लिहिलं, चूक झाली, माफी असावी. थोडी शिक्षा होईल, नोकरी राहील. पुंजाराम म्हणाला, "नाय लिहिणार." मग काय लिहिणार? "काहीच नाय." त्यांनी कपाळाला हात लावला आणि त्याला माझ्याकडे पाठवून दिलं.

तो माझ्यासमोर येऊन बसला. थेट विचारून तो बोलणार नाही हे दिसत होतं. मी चहा मागवला आणि विचारलं, "वारल्या त्यांना तुम्ही हाक काय मारायचा?"

त्याने चमकून वर पाहिलं. "काकू."

"आणि ऑपरेशन झालं त्यांना?"

"आई."

मग हळूहळू आलं. त्याच्या आईला, म्हणजे जिने वाढवलं त्या गयाबाईंना, मूल नव्हतं. धाकट्या जावेला दुसरा मुलगा झाला तेव्हा आजोबांनी तो उचलून मोठीच्या ओटीत टाकला. आपल्याकडे ही चाल जुनीच. कागद नाही, कोर्ट नाही, घरच्या घरात ओटीत टाकलं की झालं. आणि त्याबरोबर एक नियमही आला. पोराने वाढवणारीला आई म्हणायचं आणि जन्म देणारीला काकू. दोन्ही घरं एकाच अंगणात. सगळ्या गावाला माहीत, आणि कोणी कधी बोलायचं नाही.

"तुम्हाला कधी कळलं?"

"शाळेत असताना. पोरं चिडवायची. पन घरी म्या कधी इचारलं नाय. आईला वाटलं असतं, याला आता तिची वढ लागली."

काकू वारल्या त्या दिवशी तो कंपनीत होता. निरोप आल्यावर टाइम ऑफिसात रजेचा कागद भरायला गेला. मृत व्यक्तीशी नातं, असा रकाना होता. "तिथं हात थांबला, मॅडम," तो म्हणाला. "जन्मात एकदा पन आई म्हटलो नव्हतो तिला. म्हटलं, हितं कोन बघतंय? लिहून टाकलं."

शेजारच्या कॅन्टीनमधून थाळ्यांचा आवाज येत होता आणि हा एवढा मोठा माणूस बशीतल्या चहाकडे बघत बसला होता. मला त्याच्याबद्दल फार माया वाटली, आणि भीतीही, कारण आता त्याला काय करायचं नाही ते मला स्वच्छ दिसत होतं. 'चुलती' लिहिलं तर एकदा आई म्हटलेलीला तो पुन्हा काकू करणार. खरं लिहिलं तर ते चौकशीत वाचलं जाणार, त्याच्या गावची चार पोरं आमच्याच भागात कामाला, म्हणजे दोन दिवसांत गयाबाईंच्या कानावर जाणार.

"साहेबांना तोंडी सांगा हवं तर," तो उठताना म्हणाला. "पन लिहून देनार नाय, आन घरी कळू द्यायचं नाय. नोकरी गेली तर गेली."

मी चिटणीस साहेबांकडे गेले. तोंडाने सांगून त्यांना ते पटेना. एका माणसाला आई एकच असते, असं त्यांचं म्हणणं. मग मला गांगुर्डे सरांचा फळा आठवला. टेबलावर मशिनच्या ड्रॉइंगचा एक रद्द झालेला कागद पडला होता, तो उलटा केला आणि त्रिकोण-वर्तुळं काढली. दोन भाऊ, दोन जावा, मुलं. पुंजारामच्या त्रिकोणापासून जन्मदात्रीकडे सरळ रेघ आणि गयाबाईंकडे तुटक.

इंजिनिअरपुढे चित्र ठेवलं की त्याचा नूर बदलतो. साहेब चष्मा लावून वाकले. "ही तुटक रेघ कसली?"

"ओटीत घातल्याची. दत्तकाची अशी दाखवतात."

"आमच्यात तुटक रेघ म्हणजे आतली कड. असते, पण समोरून दिसत नाही."

मी कागदाकडे पुन्हा पाहिलं. मला शिकवलं होतं त्याप्रमाणे मी रेघा बरोबर काढल्या होत्या. पण त्या घरात समोरून न दिसणारी कड दुसरीच होती, जन्माची. मी साहेबांना तसं म्हटलं. त्यांनी चष्मा काढला.

"मॅडम, मला कळतंय. पण उद्या शंभर माणसं दोन-दोन आया घेऊन आली तर मी काय करू? नियमात एक आई आहे. आई कोणती, ते एकदा ठरवा. लेखी द्या, नाहीतर साक्षीदार द्या. तोंडी ऐकून मला फाइल बंद करता येत नाही." मग जरा मऊ आवाजात म्हणाले, "तुम्ही गावी जाऊन बघून या."

गृहभेट हा माझ्या कामाचाच भाग होता. पुंजारामला विचारूनच गेले. रजेबद्दल, आरोपपत्राबद्दल अवाक्षर काढणार नाही, असा शब्द दिला.

गयाबाई ओसरीत बसल्या होत्या. डोळ्यांवर ऑपरेशनचा हिरवा काळपट चष्मा, अंगाने उंच, आवाज खणखणीत. मी डोळ्याची चौकशी केली, कंपनीच्या योजनेसाठी घरची माहिती हवी म्हटलं. गांगुर्डे सर आम्हाला पाहणीला पाठवायचे तेव्हा बजावायचे की घरातलं गुपित कधी विचारू नका, घरातली माणसं विचारा. माणसं मोजताना माणूस आपोआप खरं बोलतो. मी तेच केलं. सासू-सासरे, दीर, नणंदा. गयाबाई उत्साहाने सांगत होत्या. लग्नं लावून देत होत्या, बाळंतपणं सांगत होत्या.

"आणि धाकट्या जाऊबाई?"

"धाकली गेली. दोन वर्सं झाली."

"त्यांना मुलं किती?"

"चार," त्या म्हणाल्या.

अंगणापलीकडच्या घरची मुलं पुंजारामने मला आधीच सांगितली होती. दोन मुलगे, आणि एक मुलगी पिंपळगावला दिलेली. मी बोटं मोजायचं सोंग केलं. गयाबाईंनी ते पाहिलं.

"तीन तिच्या घरात, एक माझ्या," त्या शांतपणे म्हणाल्या. "मोजायला गेलं तर चारच ना? पाजायला ती यायची, निजवायची मी. दूध तुटलं तसं तिचं येनं बी तुटलं. सासऱ्यांनी सांगितलं व्हतं, पोराला दोन वाटा दाखवू नका."

मी वही मिटली. चहा आला. निघताना त्यांनी माझा हात धरला. "बाई, डोळ्यापायी कंपनीची मानसं गावात येत नसत्यात. पोरानं काय केलंय?"

"काही नाही केलं, आई."

"काहीच नाय?" त्यांनी चष्म्यामागून रोखून पाहिलं. "मंग लय मोठं असल."

मी दिलेला शब्द पाळला. परतीच्या एसटीत मात्र माझा जीव थाऱ्यावर नव्हता. एका घरातली दोन माणसं एकमेकांना जपत गप्प बसली होती, दोघांच्या गप्प बसण्याचं कारण मला माहीत होतं, आणि मला एकाचं दुसऱ्याला सांगता येत नव्हतं. समाजशास्त्राने मला त्या घरात कसं शिरायचं ते शिकवलं होतं. तिथून निघताना काय करायचं, त्याचा धडा नव्हता.

चौकशीच्या दिवशी कॉन्फरन्स रूममध्ये आम्ही बसलो. वकील, चिटणीस साहेब, युनियनचा प्रतिनिधी, पुंजाराम आणि मी. वकिलांनी पुंजारामला विचारलं, काही सांगायचं आहे का. तो म्हणाला, नाही. पुन्हा विचारलं. नाही. वकील लिहिणार इतक्यात गेटवरून फोन आला, कोणीतरी म्हातारी बाई आली आहे आणि स्वतःला पुंजारामची आई म्हणते.

गावची चार पोरं आमच्याच भागात कामाला होती हे मी मघाशी लिहिलंच. गयाबाईंनी कोणाला धरून काय वदवून घेतलं, ते त्यांचं त्यांना माहीत. हिरवा चष्मा, डोक्यावरून पदर, हातात कापडी पिशवी, अशा त्या दारात उभ्या राहिल्या. पुंजाराम खुर्चीतून ताडकन उठला.

"साहेब, हिला काय इचारू नका. मी राजीनामा देतो. आत्ता लिहून देतो."

"गप बस," गयाबाई म्हणाल्या, आणि त्याच्याच शेजारच्या खुर्चीत बसल्या.

वकील म्हातारे होते, अनुभवी होते. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि साध्या आवाजात विचारलं, "बाई, हा पुंजाराम तुमचा कोण?"

"पोरगा."

"पोटचा?"

"पोटचा नाय. ओटीतला."

"मग पोटचा कोणाचा?"

"माझ्या धाकल्या जावंचा. गेली ती."

वकिलांनी चिटणीस साहेबांकडे पाहिलं. साहेब टेबलाकडे बघत होते. "मग त्या गेल्या तेव्हा," वकील शब्द जुळवत म्हणाले, "याची आई वारली, असं याने लिहून दिलं. ते खरं म्हणायचं की खोटं?"

पुंजारामने मान इतकी खाली घातली की त्याचा चेहरा दिसेना. गयाबाई त्याच्याकडे वळल्या. "आई वारली म्हून लिहिलं व्हतंस? हितं?"

त्याने मान हलवली.

मला वाटलं, आता ही बाई मोडणार, आणि या पोराने नोकरी घालवायची तयारी ठेवून जे जपलं होतं ते सगळं जाणार. गयाबाईंनी पदराचं टोक चष्म्याखाली घातलं, डोळा पुसला आणि वकिलांना म्हणाल्या, "खरं हाय साहेब. आईच वारली त्याची. मंग दुसरं कोन वारलं?"

मग पुन्हा त्याच्याकडे वळून, जरा खाली आवाजात, जणू खोलीत दोघंच आहेत, "हितं लिहिलंस ते चांगलं केलंस. पन मंग घरी केस का ठेवलंस? तिची दोन पोरं डोई करून म्होरं, आन तू मागं भावकीत उभा. मला वाईट वाटंल म्हून ना? दोन वर्सं तेच माझ्या डोळ्याम्होरं हाय रं. मोतीबिंदू काढला, तरी तेच दिसतंय."

पुंजाराम रडायला लागला. मोठा माणूस रडतो तसं, आवाज दाबत, खांदे हलवत. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि आमच्याकडे जराशा वैतागाने बघितलं, आम्ही इथे कशाला बसलोय असं. चिटणीस साहेब उठून खिडकीपाशी गेले. युनियनचा प्रतिनिधी उगाच पाण्याचा ग्लास सरकवत राहिला. मीही रडले, ते लपवण्याचा प्रयत्न केला नाही.

वकिलांनी आरोप सिद्ध होत नाही असं लिहिलं. आई कोणती या प्रश्नावर काय लिहावं, असं त्यांनी मला विचारलं, आणि मी म्हटलं, जन्मदात्री आई आणि पालनकर्ती आई, दोन्ही लिहा, दोन्ही कागद खरे आहेत. आमच्या पुस्तकात हे दोन शब्द होते. परीक्षेत कधी आले नव्हते, पण त्या दिवशी एका माणसाची नोकरी त्यावर टिकली, म्हणून कोणी मला या विषयाचा उपयोग विचारतं तेव्हा मी ते सांगते. बाकीचं जे त्या खोलीत झालं ते गयाबाईंचं होतं, त्यात माझा किंवा माझ्या शास्त्राचा काही वाटा नव्हता.

निघताना गयाबाई चिटणीस साहेबांना म्हणाल्या, "याला आज सोडा. नाशकात आलोच हाय, तर गंगेवर जाऊन यितो." साहेबांनी ही रजा कोणत्या नियमात बसते हे न विचारता मान हलवली. मायलेक गेटमधून बाहेर पडले आणि त्यांनी रामकुंडाकडे जाणारी रिक्षा केली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पाळीला मी टाइम ऑफिसापाशीच उभी होते. पुंजाराम आला. डोक्यावरची टोपी काढून त्याने घाम पुसला. सगळं डोकं तुळतुळीत, कपाळापेक्षा टाळू पांढरी. खैरनारने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"कोण गेलं, भो?"

"आई," पुंजाराम म्हणाला.

खैरनार उठून उभा राहिला. "अरे, काल तर त्या इथे आल्या होत्या!"

"हो," पुंजाराम कार्ड पंच करत म्हणाला. "तिनंच न्हाव्याम्होरं बसवलं."